मऊ की कडक? काळ्या दारूच्या रायफलीसाठी शिशाच्या मिश्रधातूंचा आढावा

काळ्या दारूवर चालणाऱ्या रायफलीची गोळी निव्वळ शिशाची ओतावी, की शिशात काही मिसळून? मिसळायचे तर कथील की अँटिमनी, आणि किती? दीडशे वर्षांपूर्वी युरोप-अमेरिकेतल्या प्रत्येक शस्त्रशाळेत या प्रश्नावर खल चालला होता. पुढे धूरविरहित दारू आली, गोळीवर धातूचे कवच चढले आणि प्रश्न मागे पडला. संपला मात्र नाही. जुन्या धाटणीच्या रायफलींच्या स्पर्धा परदेशात आजही भरतात आणि तिथले नेमबाज आपल्या गोळ्या आपणच ओततात. आपल्याकडे तो छंद नाही, कायद्याने त्याला फारशी जागाही नाही. तरी जुनी शस्त्रे पाहणारा, इतिहास वाचणारा किंवा धातू ओतणारा माणूस कधी ना कधी या प्रश्नापाशी येतोच.

कोल्हापूरच्या कसबा बावड्यात तर हा प्रश्न यायलाच हवा. राजर्षी शाहू महाराजांचा जन्म इथल्या लक्ष्मी विलास पॅलेसमधला, २६ जून १८७४ चा. बावड्याच्याच रस्त्यावर न्यू पॅलेस आहे आणि तिथल्या संग्रहालयात जुनी शस्त्रे व शिकारीचे प्राणी मांडलेले आहेत. शहरात आणि शहराभोवती उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव इथे ओतकाम हाच शेकडो कारखान्यांचा धंदा. त्यात कोल्हापूर हे नेमबाजांचे गाव. तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिक इथे ५० मीटर प्रोन प्रकारात जगज्जेती झाली आणि राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक आणले. या प्रकारांत वापरले जाणारे .२२ लाँग रायफल हे काडतूस १८८७ साली आले, तेव्हा ते काळ्या दारूवरच चालत असे. त्याची ४० ग्रेनची, म्हणजे जेमतेम २.६ ग्रॅमची गोळी आजही मुळात शिशाचीच आहे आणि स्पर्धेत ती कवचाशिवायच वापरतात. तेव्हा हा विषय वाटतो तितका परका नाही.

दारू ठरवते, धातू ऐकतो

काळी दारू म्हणजे सोरा, कोळसा आणि गंधक. रूढ प्रमाण ७५, १५ आणि १० भागांचे. ती जळते तेव्हा वजनाने निम्म्याहून अधिक भाग वायू होत नाही. तो घनरूपात उरतो. थोडा धुरातून जातो, थोडा नळीत काजळी होऊन बसतो. ही काजळी हवेतला ओलावा ओढते. पावसाळी हवेत ती मऊ राहते, एप्रिलच्या कोरड्या झळांत दगडासारखी कडक होते.

दुसरी गोष्ट दाबाची. आजच्या रायफलीच्या काडतुसात दाब साधारण ५० ते ६० हजार पौंड प्रति चौरस इंच असतो. काळ्या दारूत तो याच्या निम्म्याहूनही कमी. पण तो चढतो मात्र झटक्याने. गोळी जागची हलायच्या आत तिच्या बुडावर धक्का बसतो. पुढचा भाग जडत्वाने जागीच राहू पाहतो, मागचा भाग पुढे ढकलला जातो आणि मधल्या मध्ये मऊ धातू बाजूला फुगतो. फुगलेली गोळी नळीतल्या आट्यांत घट्ट बसते, वायूला वाट मिळत नाही आणि आट्यांची फिरकी तिला पुरती लागते.

मिश्रधातूचा सगळा वाद इथून सुरू होतो. गोळी फार कडक असेल तर फुगणार नाही. मग वायू बाजूने निसटतो, कडेचे शिसे वितळवतो, आट्यांत शिशाचा लेप बसतो आणि नेम गेला. गोळी फार मऊ असेल तर वेगळेच दुखणे. लांबट गोळीचे नाक धक्क्याने बसते, एका बाजूला झुकते, आणि अशी गोळी दूरच्या लक्ष्यापर्यंत सरळ जात नाही. म्हणजे बुडाला मऊपणा हवा आणि नाकाला ताठपणा, तोही एकाच ओतीव तुकड्यात.

दारू दमट असेल तर हे सगळे गणित ढळते. १७१५ च्या सुमारास लिहिलेल्या आज्ञापत्रात रामचंद्रपंत अमात्यांनी दारूखान्याची दारू ठराविक दिवसांनी बाहेर काढून उन्हाची ऊब द्यावी असे बजावले आहे. तो उपदेश किल्ल्यांसाठी होता, पण दारू एकसारखी नसेल तर पुढचे काहीच एकसारखे राहत नाही, ही जाण त्यात आहे.

गोळी कशी बदलत गेली

तोड्याच्या बंदुकीची नळी आतून गुळगुळीत. तिला शुद्ध शिशाची गोल गोळी पुरत असे. ती नळीपेक्षा लहान ठेवायची, बार भरायचा आणि गजाने ठासायची. नेम जवळचाच, त्यामुळे धातूची चिकित्सा करण्याचे कारण नव्हते. घाटमाथ्यावर आणि कोकणात शेतीरक्षणासाठी परवान्यावर दिल्या गेलेल्या ठासणीच्या बंदुका याच घराण्यातल्या.

रायफलने ही सोय मोडली. आट्यांत बसेल इतकी मोठी गोळी तोंडाकडून ठासायची म्हणजे हातोडीच घ्यावी लागे. त्यावर एक तोड चिंधीची निघाली. नळीपेक्षा किंचित लहान गोल गोळी तेलकट चिंधीत गुंडाळून ठासायची. फिरकी चिंधी देते, शिसे आट्यांना लागतही नाही. दुसरी तोड फ्रेंच अधिकारी मिनिए यांच्या नावाने १८४९ पासून ओळखली जाते. लांबट गोळी, बुडाला पोकळी. वायू पोकळीत शिरून तिचा काठ बाहेर रेटतो.

ब्रिटिशांची १८५३ ची एन्फिल्ड रायफल याच तत्त्वावर होती. नळी .५७७ इंचाची, गोळी .५६८ इंच, वजन ५३० ग्रेन, धातू शुद्ध शिसे. तिच्या काडतुसाला लावलेल्या चरबीची अफवा आणि पुढचे १८५७ आपल्याला पाठ आहे. ३१ जुलै १८५७ रोजी कोल्हापुरातच २७ वी पलटण उठली. इतिहासाच्या पुस्तकांत वंगणाचा प्रश्न धर्माचा म्हणून येतो आणि तो होताच. पण वंगण मुळात का लागत होते, हे सांगायचे राहते. काजळी मऊ ठेवायला दुसरा उपाय नव्हता म्हणून. त्याच लढायांत आपल्या उन्हाळ्यात काजळी इतकी घट्ट होई की .५६८ इंचाची गोळी नळीत उतरेना. अखेर १८५९ मध्ये गोळी .५५० इंचावर आणली गेली. इतकी सैल गोळी फुगून आट्यांना भिडायची तर बुडात आधी लाकडाची, नंतर भाजलेल्या मातीची गुडदी आणि धातू मात्र शुद्ध शिसेच हवे. तिथे कथील मिसळले असते तर पोकळीचा काठ पुरेसा पसरला नसता.

मागून भरायच्या रायफली आल्या आणि चित्र पालटले. १८६६ ची स्नायडर अजून .५७७ ची आणि शुद्ध शिशाची, गोळी ४८० ग्रेन. १८७१ च्या मार्टिनी-हेन्रीत मात्र नळी .४५० इंचांपर्यंत बारीक झाली, दारू ८५ ग्रेनवर गेली आणि गोळीचे वजन ४८० ग्रेनच राहिले. तोच ऐवज बारीक नळीत बसवायचा म्हणजे गोळी लांब झाली. लांब गोळी धक्क्याने चेपते. म्हणून तिथे १२ भाग शिशाला १ भाग कथील आले आणि वरून कागदाचे वेष्टण. ४८० ग्रेन म्हणजे आपल्या मापाने बरोबर २ तोळे ८ मासे. एका बारात इतके शिसे सुटत असे. अमेरिकन लष्कराने .४५-७० ची ५०० ग्रेनची गोळी ओतली तीही कथिलाचीच, पण थोड्या मऊ प्रमाणाची, १६ ला १.

शाहू महाराजांच्या जन्माच्याच वर्षी, २६ सप्टेंबर १८७४ रोजी, न्यूयॉर्कजवळच्या क्रीडमूर इथे अमेरिकन व आयरिश संघांत ८००, ९०० आणि १००० यार्डांवर सामना झाला. आयरिश मंडळींकडे तोंडाकडून भरायच्या रायफली, अमेरिकनांकडे मागून भरायच्या. निकाल ९३४ विरुद्ध ९३१. तीन गुणांनी अमेरिका जिंकली. इतक्या कमी फरकाच्या खेळात गोळीचे नाक जरासे चेपले तरी भोवते, आणि कडक पण फुगणाऱ्या मिश्रधातूचा शोध या नेमबाजांनी मन लावून घेतला तो यामुळेच.

मग १८८४ मध्ये पॉल व्हिएय यांनी धूरविरहित दारू बनवली, १८८६ मध्ये फ्रान्सने लेबेल रायफल काढली, आणि ब्रिटिशांच्या .३०३ ने सुरुवातीला काळी दारूच वापरली तरी गोळी मात्र कवचाची घेतली. ओतीव शिशाचे राज्य लष्करापुरते संपले. महाराष्ट्रात खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ चा. पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत ही सगळी स्थित्यंतरे त्याच्या समोर घडली.

कथील: थोडे, पण नेमके

शुद्ध शिसे ३२७ अंश सेल्सिअसला वितळते, कथील २३२ ला. दोन्ही सहज एकजीव होतात. कथील दोन कामे करते. पातळ धातूचा पृष्ठताण कमी करून साच्याचे कोपरे भरते आणि गोळीला थोडा ताठपणा देते. पहिले काम दुसऱ्याइतकेच मोलाचे, कारण गोळीच्या बुडाची कड धारदार निघाली नाही तर नळीच्या तोंडाशी वायू एका बाजूने आधी सुटतो आणि गोळीला डुलवतो.

कठिणतेचे आकडे पाहिले की कथिलाचा स्वभाव कळतो. ब्रिनेल मापावर शुद्ध शिसे ५ च्या आसपास. ४० ला १ कथील घातले की साधारण ८, ३० ला १ मध्ये ९, २० ला १ मध्ये १० आणि १६ ला १ मध्ये ११. पुढे मात्र चढण मंदावते: १० ला १ पर्यंत गेले तरी ११.५ च्या जवळच. म्हणजे २० ला १ वरून १० ला १ वर जाताना कथील जवळपास दुप्पट लागले आणि हाती दीड अंक आला. कथिलाचा भाव शिशाच्या दहा पटींहून अधिक असतो, हे लक्षात घेतले की १६ ला १ च्या पुढे जाण्यात फारसे हशील नाही.

हिशेब सोपा आहे. २० ला १ चे ५ किलो मिश्रण हवे तर २३८ ग्रॅम कथील आणि ४ किलो ७६२ ग्रॅम शिसे. शुद्ध कथिलाऐवजी ६०:४० ची सोल्डर हाताशी असेल तर ३९७ ग्रॅम सोल्डर आणि ४ किलो ६०३ ग्रॅम शिसे. सोल्डरमधले शिसे हिशेबात धरायचे, एवढेच. कल्हईचे कथील बाजारातून आणले तर त्यात आधीच शिसे मिसळलेले असू शकते, आणि मग प्रमाण कागदावरच राहते.

कथिलाच्या मिश्रणाचा आणखी एक गुण आहे. गोळी ओतून ठेवली तरी तिची कठिणता काळाने वाढत बसत नाही. आज ओतलेली आणि सहा महिन्यांनी वापरलेली गोळी जवळपास सारखीच वागते. नेमबाजाला कडकपणापेक्षा हा सारखेपणा जास्त हवा असतो.

अँटिमनी आणि छापखान्याचे खिळे

शिसे खरोखर कडक करायचे तर अँटिमनी. तिचा सर्वांत परिचित अवतार मराठी माणसाने पिढ्यान्‌पिढ्या हाताळला आहे: छापखान्याचे खिळे. जावजी दादाजी चौधरी यांच्या निर्णयसागरपासून गावोगावच्या ट्रेडल मशीनपर्यंत खिळ्याचा धातू म्हणजे शिसे, अँटिमनी आणि कथील. वेलांटीचा बारीक काठ साच्यात पुरा उमटावा आणि हजारो छापांत झिजू नये, यासाठी ते मिश्रण बेतलेले. लिनोटाइपच्या धातूत अँटिमनी १२ टक्क्यांच्या आसपास आणि कथील ४ टक्के. तो सुमारे २४० अंशांवर एकदम वितळतो, एकदम गोठतो आणि ब्रिनेल मापावर २२ च्या घरात जातो. शुद्ध शिशाच्या चौपटीहून जास्त.

ऑफसेट आले, खिळे भंगारात गेले, आणि जगभर गोळ्या ओतणाऱ्यांनी ते आवडीने उचलले. धूरविरहित दारूसाठी ते ठीकच आहे. काळ्या दारूसाठी मात्र हा मोह टाळावा. लिनोटाइपची गोळी काळ्या दारूच्या दाबाने फुगत नाही. शिवाय ती हलकी भरते. अँटिमनी आणि कथील दोन्ही शिशापेक्षा हलके, त्यामुळे एकाच साच्यातून शुद्ध शिशाची ५०० ग्रेनची गोळी निघत असेल तर लिनोटाइपची सुमारे ४५० ग्रेनची निघते. २० ला १ ची निघते ४८७ च्या आसपास. लांब पल्ल्यावर वाऱ्याशी झुंजायला वजन लागते. ते असे फुकट घालवण्यात अर्थ नाही.

अँटिमनीचे आणखी एक वैशिष्ट्य म्हणजे ती गोळीला दिवसागणिक कडक करत जाते. सोबत जरासे आर्सेनिक असले आणि गरम गोळी साच्यातून थेट पाण्यात टाकली तर कठिणता कितीतरी वाढते. आधुनिक पिस्तुलाच्या गोळीत हा गुण वाटेल. काळ्या दारूच्या रायफलीत तोच दोष ठरतो.

सरसकट बंदी मात्र नको. लांब, टोकदार नाकाची गोळी १६ ला १ मध्येही चेपत असेल तर काही अनुभवी नेमबाज एक-दोन टक्के अँटिमनी घालतात, कथील कायम ठेवून. कथिलाशिवाय नुसती अँटिमनी घातली तर आट्यांत शिसे बसण्याची तक्रार वाढते. हा अपवाद, नियम नव्हे.

भंगारातले शिसे

जोखलेले शिसे हवे तर सरळ मार्ग एकच: शुद्धीकरण कारखान्याची लगड. भारतात हिंदुस्थान झिंक राजस्थानात शिसे काढते आणि ते ९९.९९ टक्के शुद्धतेचे असते. बाकी सारे भंगार. त्यातले काय घ्यावे आणि काय टाकावे, हे जगभरच्या ओतकामाच्या अनुभवातून ठरलेले आहे.

जुन्या केबलचे वेष्टण, नळकाम आणि एक्स-रे खोलीच्या भिंतीतले पत्रे हे बहुधा मऊ, शुद्धाच्या जवळचे शिसे. मासेमारीच्या जाळ्यांची वजने बऱ्याचदा मिश्र भंगारातली. टायरच्या दुकानातली व्हील बॅलन्सिंगची जुनी वजने अँटिमनीची, ब्रिनेल ९ ते १२ ची. पण आता त्यात जस्ताची आणि पोलादाची वजनेही येतात. जस्त हा या कामातला सर्वांत वाईट पाहुणा. थोडेसे मिसळले तरी धातू साच्यात नीट भरत नाही, गोळीची कड गोल निघते. जस्त ४१९ अंशांना वितळते, म्हणून भांडे ४०० च्या खाली ठेवले तर जस्ताची वजने वितळत नाहीत. ती शिशाहून हलकी, वर तरंगतात आणि चिमट्याने काढता येतात.

गाडीच्या बॅटरीला मात्र हात लावू नये. तिच्या पट्ट्यांत अँटिमनी, आर्सेनिक, कॅल्शियम असे बरेच काही असते आणि ते वितळवताना आर्सीन व स्टिबीन हे प्राणघातक वायू निर्माण होऊ शकतात. घरगुती पातळीवर बॅटरी वितळवणे बेकायदाही आहे. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार जुनी बॅटरी नोंदणीकृत पुनर्वापर करणाऱ्याकडेच जायला हवी.

हातच्या परीक्षा तीन. नख रोवले तर शुद्ध शिशावर ठळक ओरखडा उठतो, २० ला १ वर पुसट, खिळ्यावर काहीच नाही. फरशीवर टाकले तर मऊ शिसे ठप्प वाजते, कडक मिश्रण खणखणते. आणि एकाच साच्यातल्या गोळ्यांचे वजन: हलकी निघाली तर आत दुसरा धातू आहे किंवा पोकळी आहे. या परीक्षा कठिणतेचा अंदाज देतात. घटक सांगत नाहीत.

साच्यापाशी

मिश्रण कितीही अचूक असले तरी ओतताना बिघडवता येते. साचा म्हणजे लोखंडाचे, पितळेचे किंवा अ‍ॅल्युमिनियमचे दोन अर्धे ठोकळे, चिमट्यासारख्या दांड्यांवर बसवलेले, आणि वर छिद्राची सरकती पट्टी. धातू ३७० ते ४२५ अंशांत ठेवायचा. शुद्ध शिशाला वरची मर्यादा, कथिलाच्या मिश्रणाला खालची. भांडे ४०० च्या फार वर गेले की कथील लवकर जळते आणि वर जमणाऱ्या मळीत, म्हणजे ड्रॉसमध्ये, निघून जाते. पृष्ठभागावर राखाडी साय धरली तर ती काढून फेकू नये, त्यात कथील असते. मेणाचा खडा टाकून ढवळले की कथील परत धातूत उतरते आणि खरी घाण तेवढी वर राहते.

पळीने ओतले की पट्टीवर शिशाचे छोटे डबके ठेवायचे. गोळी गोठताना आकसते आणि ते डबके तिला धातू पुरवते. मध्यभागी खळगा पडताना डोळ्यांनी दिसतो. फाउंड्रीतल्या माणसाला हे सांगायला नको, त्याचा रायझर हेच काम करतो. डबके फारच लहान ठेवले तर खळगा गोळीच्या बुडात उतरतो आणि तिथे पोकळी राहते. सुरुवातीच्या गोळ्या सुरकुतलेल्या येतात, कारण साचा अजून थंड असतो. त्या परत भांड्यात. पुढे पृष्ठभाग दवासारखा पांढुरका दिसू लागला तर साचा फार तापला आहे. सुरकुत्या आणि पांढुरकेपणा यांच्या मधली, चकाकी व धारदार कड देणारी जागा सापडली की मग लय मोडायची नाही. शेवटी प्रत्येक गोळी तोलायची आणि एकाच वजनाच्या एकत्र ठेवायच्या.

पाण्याचा थेंब मात्र जिवावर बेतू शकतो. ओलसर भंगार वितळलेल्या शिशात पडले की पाण्याची वाफ क्षणात होते आणि भांड्यातला धातू उसळून अंगावर येतो. कोल्हापूरच्या पावसाळ्यात भंगार कोरडे आहे असे गृहीत धरणे धोक्याचे.

कोणत्या रायफलीला काय

चिंधीतली गोल गोळी आणि पोकळ बुडाची मिनिए गोळी यांना शुद्ध शिसे. इथे तडजोड नाही. पोकळी नसलेली, तोंडाकडून भरायची जड गोळी असेल तर शुद्ध शिसे किंवा फार तर ४० ला १.

मागून भरायच्या, वंगणाच्या खाचा असलेल्या गोळीला ३० ला १ ते २० ला १. मध्यम पल्ल्यासाठी ३० ला १ पुरते. लांब पल्ल्याच्या ५०० ग्रेनच्या आसपासच्या गोळीला २० ला १ पासून सुरुवात करावी आणि नाक चेपत असल्याचे दिसले तरच १६ ला १ कडे जावे. कागदाच्या वेष्टणाच्या गोळीला १६ ला १. मार्टिनी-हेन्रीचे १२ ला १ हे लष्कराच्या गरजेचे प्रमाण होते. शेकडो मैल पेटाऱ्यातून, उंटावरून आदळत जाणाऱ्या काडतुसाला जो कणखरपणा लागतो तो स्पर्धेच्या गोळीला लागत नाही.

मिश्रण बदलले की वंगणही तपासावे. मधमाशीचे मेण आणि चरबी किंवा वनस्पती तेल हे जुने मिश्रण काळ्या दारूला अजून मानवते. खनिज तेलाने काजळी चिकट डांबरासारखी होते. नेम बिघडला की नवखा माणूस आधी शिशाला दोष देतो. बऱ्याचदा शिसे निर्दोष असते आणि वंगण कमी पडलेले असते.

कायदा आणि आरोग्य

ब्रिटिश काळातल्या १८७८ च्या शस्त्र कायद्याने युद्धसामग्रीच्या व्याख्येतच शिसे, गंधक आणि सोरा यांना ओढता येईल अशी तरतूद ठेवली होती. आजच्या १९५९ च्या शस्त्र अधिनियमात दारूगोळ्याच्या व्याख्येत त्याचे भाग आणि तो बनवायची यंत्रसामग्रीही येते. परवान्याशिवाय दारूगोळा बनवणे गुन्हा आहे, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याची शिक्षा किमान ७ वर्षे, जन्मठेपेपर्यंत आहे. बंदुकीचा परवाना म्हणजे गोळ्या ओतण्याचा परवाना नव्हे. काळ्या दारूला स्फोटकांचे नियम वेगळेच लागू होतात. शिकार १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंद आहे. तेव्हा वरची माहिती अभ्यासासाठी, संग्रहासाठी आणि जिथे हा खेळ कायदेशीर आहे तिथल्या मराठी वाचकासाठी.

शिशाचे विष हळू चढते. शिशाची कोणतीही पातळी सुरक्षित मानता येत नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते आणि मुलांच्या मेंदूवर परिणाम सर्वांत आधी होतो. ओतकामाच्या तापमानाला वाफेपेक्षा भीती धुळीची आहे: वरची राखाडी पूड, हातावरचा थर, कपड्यांतून घरी येणारे कण. शिसे स्वयंपाकघराच्या आसपास आणू नये, ओतताना खाऊ-पिऊ नये, हात धुतल्याशिवाय मुलाला उचलू नये. पक्ष्यांच्या पोटात छर्रे जातात म्हणून युरोपीय संघाने १५ फेब्रुवारी २०२३ पासून पाणथळ जागी शिशाच्या छऱ्यांवर बंदी आणली आहे. शिशाचे दिवस पुढेही मोजकेच राहणार.

निष्कर्ष

एवढ्या खलातून निघते ते असे. काळ्या दारूच्या रायफलीत कडक गोळी म्हणजे चांगली गोळी हा समज चुकीचा आहे. आकार टिकेल इतपतच धातू कडक असावा, त्यापुढे नाही. आणि तो ताठपणा कथिलाने द्यावा, अँटिमनीने नव्हे. ठासणीला शुद्ध शिसे, काडतुसाला २० ला १, कागदी वेष्टणाला १६ ला १. बाकी सुधारणा मिश्रणात शोधण्यापेक्षा वंगणात, दारूत आणि साच्याच्या तापमानात शोधाव्यात.

आपल्या भागाबद्दल एक सूचना. संग्रहालयांतल्या जुन्या गोळ्या आजवर बहुतेक नळीच्या मापावरूनच ओळखल्या जातात. सोन्याचा कॅरेट मोजायला कोल्हापूरच्या गुजरीतले सराफ जे क्ष-किरणांचे यंत्र वापरतात, त्याच तत्त्वावरची यंत्रे गोळीला धक्का न लावता तिच्यातले शिसे, कथील आणि अँटिमनी वेगवेगळे दाखवू शकतात. कथील १२ ला १ च्या घरात निघाले तर गोळी मार्टिनीच्या काळाकडे बोट दाखवेल, काहीच निघाले नाही तर एन्फिल्ड, स्नायडर किंवा ठासणीकडे. ज्यांच्या ताब्यात असे संग्रह आहेत त्यांनी ही तपासणी करून घ्यावी आणि मापाशेजारी धातूची नोंदही लिहून ठेवावी.